विद्यावेतन की वेतन? पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणातील द्रव्य, वेळ आणि संशोधन

एम्.डी. अथवा एम्.एस्. ह्या पदवीसाठी रुग्णालयात राहून शिकणाऱ्या डॉक्टरास दरमहा जी रक्कम मिळते तिला आपल्याकडे ‘विद्यावेतन’ म्हणतात. हा शब्द मोठा सोयीचा आहे. विद्या घेणाऱ्यास दिलेले साहाय्य असा एक अर्थ त्यातून निघतो आणि केलेल्या श्रमाचे मोल असा दुसराही निघतो. रक्कम वाढवून मागितली की पहिला अर्थ पुढे केला जातो. रजा मागितली की दुसरा. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत ह्या दोन अर्थांचा झगडा कधीच पुरता मिटलेला नाही. ह्या काळात त्या डॉक्टराने करावयाचे संशोधन हे तिसरे प्रकरण तर दोन्ही अर्थांच्या फटीत सापडते. विद्यार्थी म्हणून त्याने ते करावे असे नियम सांगतो, परंतु नोकर म्हणून त्याचा सारा दिवस आधीच खर्ची पडलेला असतो. संशोधनाचा पैसा कोणी द्यावयाचा आणि वेळ कोणी द्यावयाचा, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. त्यांची गल्लत होते म्हणून त्यांचा येथे थोडा विस्ताराने विचार करावयाचा आहे.

‘निवासी’ हे विशेषण प्रारंभी शब्दशः खरे होते. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय १८८९ साली उघडले. तेथे शस्त्रक्रियेचे प्राध्यापक हॉल्स्टेड व वैद्यकाचे प्राध्यापक ऑस्लर ह्यांनी तरुण डॉक्टरांना रुग्णालयातच ठेवून घेऊन, पायरीपायरीने जबाबदारी वाढवीत शिकविण्याची पद्धती रूढ केली. राहणे, जेवणे आणि कपड्यांची धुलाई हाच त्या काळी मोबदल्याचा मुख्य भाग असे. हॉल्स्टेडच्या हाताखाली किती वर्षे राहावयाचे हेही आगाऊ ठरलेले नसे. पद्धती कठोर खरी. परंतु तिच्यात प्रयोगशाळेला मानाचे स्थान होते हे विसरता कामा नये. वॉल्टर डँडी हा तेथीलच निवासी. मेंदूतील पाण्याच्या अभिसरणावरील त्याचे प्रयोग आणि मेंदूच्या पोकळ्यांत हवा भरून क्ष-किरण-चित्र घेण्याची १९१८ साली प्रसिद्ध झालेली रीत, ही दोन्ही कामे त्याच्या उमेदवारीच्या काळातील आहेत. ज्यास घर नाही, संसार नाही आणि मासिक हिशेबही नाही अशा माणसाच्या वेळेचा जो साठा असतो, तो ह्या संशोधनामागे उभा होता. ती परिस्थिती गेली, आणि ती गेली हे योग्यच झाले. मात्र त्या साठ्याच्या जागी दुसरे काय ठेवावयाचे, हे बहुतेक देशांनी दीर्घकाळ ठरविले नाही.

विद्यार्थी की नोकर हा प्रश्न अमेरिकेत शेवटी करवसुलीच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. निवासी डॉक्टर हे विद्यार्थी आहेत, सबब त्यांच्या पगारावर सामाजिक सुरक्षेचा कर लागू नये, अशी मेयो प्रतिष्ठानची बाजू होती. आठवड्यास चाळीस तास अथवा अधिक काम करणारा मनुष्य ह्या कामापुरता विद्यार्थी समजला जाणार नाही, असा सरकारचा नियम होता. न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये तो नियम एकमताने ग्राह्य ठरविला. निर्णय कराचा होता, शिक्षणशास्त्राचा नव्हे. तथापि तासांच्या मोजणीवर माणसाची जात ठरविण्याची ही कल्पना सहज टाकून देण्यासारखी नाही.

आपल्याकडे १९७४ च्या सुमारास निवासी-पद्धती केंद्रीय रुग्णालयांत आली. मुंबईच्या रुग्णालयांतून ‘हाऊसमन’ आणि ‘रजिस्ट्रार’ ही जुनी ब्रिटिश वळणाची नावे त्यानंतरही पुष्कळ दिवस तोंडी राहिली, आणि अजूनही ती ऐकू येतात. केंद्र सरकारने १९९२ साली निवासी-योजनेसंबंधी ज्या सूचना काढल्या त्यांत कनिष्ठ निवासी डॉक्टरांनी सामान्यतः आठवड्यास ४८ तास काम करावे, एका वेळी बारा तासांहून अधिक नव्हे, आणि पाळीपाळीने साप्ताहिक सुटी मिळावी, असे म्हटले होते. कामाच्या निकडीची सवलत अर्थातच जोडलेली होती. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या नियमावलीने आकडा टाळून ‘वाजवी’ तासांची भाषा वापरली. आणि त्याच आयोगाच्या मानसिक आरोग्यविषयक कृतिदलाने २०२४ मध्ये आठवड्यास ७४ तासांची मर्यादा सुचविली. ४८ पासून ७४ पर्यंतच्या ह्या प्रवासाचा अर्थ असा की दुसरा आकडा निदान वस्तुस्थितीच्या जवळ येऊन बोलतो. इमर्जन्सीचा दिवस, तिची रात्र आणि दुसऱ्या दिवशीची बाह्यरुग्ण विभागातील सकाळ हे ज्याने ओळीने काढले आहे त्यास हे समजावून सांगावे लागणार नाही.

आता द्रव्याकडे वळू. भारतात ह्या बाबतीत दोन पद्धती शेजारी शेजारी नांदतात आणि त्यांतील भेद केवळ रकमेचा नाही. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेसारख्या केंद्रीय संस्थांत कनिष्ठ निवासी डॉक्टरास वेतनश्रेणी आहे. सातव्या वेतन आयोगानुसार दहाव्या स्तराचे आरंभीचे मूळ वेतन ५६,१०० रुपये असून त्यावर खाजगी व्यवसाय न करण्याबद्दलचा २० टक्के भत्ता मिळतो. ही बेरीज ६७,३२० रुपये होते. ह्या बेरजेवर महागाई भत्ता चढतो. जानेवारी २०२३ चा ४२ टक्के दर धरला तर रक्कम सुमारे ९५,६०० रुपयांवर जाते; घरभाडे वेगळेच. मध्यंतरीची ही सारी वाढ किंमतींच्या निर्देशांकाने घडवून आणली; त्यासाठी कोणास मोर्चा काढावा लागला नाही. उलट बहुतेक राज्यांत विद्यावेतन ही शासनाच्या निर्णयाने ठरणारी रक्कम असते आणि ती पुन्हा वाढावयाची तर पुन्हा निर्णय लागतो. महाराष्ट्रात फेब्रुवारी २०२४ मध्ये दरमहा १०,००० रुपयांची वाढ मंजूर झाली ती निवासी डॉक्टरांच्या ‘मार्ड’ ह्या संघटनेने संपाचे शस्त्र उपसल्यानंतर. ‘डॉक्टर पुन्हा संपावर’ ह्या मथळ्याने वाचक दरवेळी चिडतो. पण ज्या रकमेस निर्देशांकाचा आधार नाही ती रक्कम काही वर्षांनी भांडूनच वाढवावी लागणार, हे त्या रकमेच्या घडणीतच आहे. त्यासाठी भांडणाऱ्याच्या स्वभावास दोष देण्याचे कारण नाही.

खाजगी महाविद्यालयांची गोष्ट याहून अवघड आहे. तेथील विद्यार्थ्यासही त्या त्या राज्यातील शासकीय महाविद्यालयाइतकेच विद्यावेतन द्यावे, असा नियम २००० सालच्या नियमावलीपासून आहे. तथापि २०२३ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने विद्यार्थ्यांकडे केलेल्या चौकशीत उत्तर देणाऱ्यांपैकी चतुर्थांशाहून अधिक जणांनी आपणांस विद्यावेतन मिळतच नाही असे कळविले. मिळालेली रक्कम परत घेतली जाते असे सांगणारेही त्यांत होते. जो विद्यार्थी शुल्कापोटी लाखो रुपये भरतो आणि ज्यास विद्यावेतन मिळत नाही, त्यास प्रबंधासाठीच्या तपासण्यांचा खर्च स्वतः करावा लागला, तर तो कोणता विषय निवडील? ज्यास तपासण्या लागत नाहीत तो. येथे द्रव्याचा प्रश्न संशोधनाच्या प्रश्नास येऊन मिळतो.

प्रबंधाविषयी नियम काय म्हणतो ते पाहण्यासारखे आहे. मान्यताप्राप्त मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली प्रत्येक उमेदवाराने एका विषयावर संशोधन करून ते लिहून काढावे. त्यायोगे जिज्ञासा वाढावी, संशोधनाचे तंत्र कळावे आणि पूर्वीचे वाङ्मय शोधण्याची सवय लागावी. परीक्षेपूर्वी किमान सहा महिने प्रबंध सादर व्हावा. तो तीन परीक्षकांनी पाहावा, अशी २००० च्या नियमावलीतील कल्पना होती. हेतू उत्तमच होता. पुढे एका दुरुस्तीने परिषदेत एक भित्तिपत्रक, एक निबंधवाचन आणि एक लेख ह्यांची भर पडली. हा लेख प्रसिद्ध झालेला असावा, स्वीकृत असावा, किंवा निदान प्रसिद्धीसाठी पाठविलेला असावा. ‘निदान पाठविलेला’ ह्या दोन शब्दांनी किती पोस्टखर्च वाढविला असेल आणि ज्ञान किती, ह्याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. २०१९ पासून संशोधनपद्धतीचा एक दूरस्थ अभ्यासक्रमही आवश्यक झाला. चेन्नई येथील राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था तो चालविते, आणि तो चांगला आहे हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे.

परंतु महिन्यांची वजाबाकी करून पाहा. अभ्यासक्रम छत्तीस महिन्यांचा. विषय ठरवून आराखडा विद्यापीठाकडे जाईपर्यंत पहिले सहा महिने जातात. ह्याच काळात विद्यार्थी प्रथमच रुग्णकक्षाचा भार उचलीत असतो, आणि विषय निवडण्यास आयुष्यातील याहून वाईट वेळ सापडणे कठीण. शेवटचे सहा महिने प्रबंध सादर झाल्यानंतरचे. राहिले चोवीस. त्यांतून जिल्हा रुग्णालयातील तीन महिन्यांची नेमणूक वगळली की एकवीस उरतात. नीतिविषयक समितीची संमती आल्याखेरीज एकाही रुग्णाची नोंद करता येत नाही. अभ्यास उपचार-चाचणीच्या स्वरूपाचा असेल तर भारतीय चाचणी-नोंदणीपटात तो पहिला रुग्ण घेण्यापूर्वीच नोंदवावा लागतो. एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंदणी स्वीकारली जात नाही. हे दोन्ही निर्बंध रुग्णाच्या हिताचे आहेत आणि त्यांत सूट मागणे गैर ठरेल. पण विश्लेषण व लेखन ह्यांचे महिने काढल्यावर प्रत्यक्ष नोंदी घेण्यास जेमतेम वर्ष-सव्वा वर्ष उरते. ज्या प्रश्नाचे उत्तर रुग्णाकडे दोन वर्षांनी पाहिल्यावरच कळते, तो प्रश्न ह्या चौकटीत मावतच नाही.

एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात प्रस्तुत लेखकास प्रबंधांच्या कपाटासमोर एक दुपार घालविण्याचा योग आला होता. सोनेरी अक्षरांचे काळे पुठ्ठे ओळीने उभे होते. एकाच विभागातील तीन निरनिराळ्या वर्षांच्या प्रबंधांत विषय तोच, रुग्णसंख्या तीच आणि निष्कर्षाचे परिच्छेदही बरेचसे तेच आढळले. ग्रंथपालांनी सांगितले की ही पुस्तके मागण्यास पुढच्या वर्षीचे विद्यार्थीच तेवढे येतात. ह्यावरून सर्वच प्रबंधांस नावे ठेवणे अन्यायाचे होईल. त्याच कपाटात जळालेल्या रुग्णांच्या जखमांतील जंतूंविषयी एका विद्यार्थिनीने हाताने रेषा आखून केलेली अशी काही कोष्टके होती की ती कोठेही छापली असती तरी शोभली असती. ती छापली गेली नाहीत, कारण परीक्षा झाली, नोकरी लागली आणि लेख लिहिण्यास कोणी वेळ दिला नाही.

ह्या बाबतीत ब्रिटनने काय केले ते सविस्तर पाहणे उपयोगाचे ठरेल. तेथील व्यवस्था निर्दोष आहे म्हणून नव्हे, तर तिचे भाग सुटे करून दाखविता येतात म्हणून. विद्यापीठांतील डॉक्टर-अध्यापकांची संख्या घटत चालली आहे ह्या चिंतेतून मार्क वॉलपोर्ट ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मार्च २००५ मध्ये अहवाल दिला. संशोधनाकडे वळू इच्छिणाऱ्या डॉक्टरास पुढील मार्ग दिसत नाही, मार्गात लवचिकपणा नाही, आणि शिक्षण संपल्यावर पदे नाहीत, असे त्याचे निदान होते. त्यातून जी एकात्म संशोधन-शिक्षणपद्धती निघाली तिच्या पायऱ्या अशा: पदवीनंतरच्या दोन पायाभूत वर्षांत काही जणांस सुमारे चार महिने संशोधनासाठी मिळतात. विशेष विषयाच्या शिक्षणास लागताना स्पर्धेने ‘शैक्षणिक अधिछात्र’ म्हणून निवड झाली तर तीन वर्षेपर्यंत वेळेचा चौथा हिस्सा संशोधनास राखून ठेवलेला असतो. ह्या नऊ महिन्यांत संशोधन पुरे करावे अशी अपेक्षा नसते, पीएच्.डी.साठी अर्थसाहाय्य मिळेल असा प्रस्ताव तयार व्हावा एवढीच असते. पुढे साधारण तीन वर्षे रुग्णालयातील क्रम थांबवून पीएच्.डी., आणि परतल्यावर अधिव्याख्याता म्हणून चार वर्षेपर्यंत निम्मा वेळ रुग्णालय, निम्मा विद्यापीठ.

ह्यातील कळीचा शब्द ‘राखून ठेवलेला’ हा आहे. चौथा हिस्सा अधिछात्राच्या सवडीतून येत नाही; तेवढे काम दुसऱ्याने करावयाचे असते, आणि त्यासाठी लागणारा पैसा आरोग्य-संशोधनाच्या राष्ट्रीय संस्थेकडून रुग्णालयास मिळतो. म्हणजे तेथे संशोधकास वेळ ‘दिला’ जात नाही, तो त्याच्यासाठी विकत घेतला जातो. अधिछात्रास पगार मात्र त्याच टप्प्यावरील इतर डॉक्टरांइतकाच. २०२४-२५ साली इंग्लंडमध्ये विशेष-शिक्षणाच्या तिसऱ्या ते पाचव्या वर्षाचे मूळ वेतन ६१,८२५ पौंड होते. संशोधन करणाऱ्यास तेच आणि न करणाऱ्यासही तेच.

मूळ वेतन सारखे असूनही हातात येणारी रक्कम सारखी राहत नाही, हे येथे ध्यानात घ्यावे. २००० सालच्या अखेरीस आलेल्या जुन्या करारात कामाच्या कठीणपणाप्रमाणे मूळ वेतनावर भर पडे, आणि ती सामान्य पाळ्यांस ४०-५० टक्क्यांपर्यंत असे. प्रयोगशाळेत गेलेल्या डॉक्टरास रात्रपाळी नाही. सबब भरही नाही. पीएच्.डी.च्या तीन वर्षांत पुष्कळ जण म्हणून शनिवार-रविवारी पदरमोड करावी तशी रुग्णालयात फुटकळ पाळ्या करीत राहिले. ज्या वादावरून २०१६ च्या जानेवारी-एप्रिलमध्ये संप झाले त्या नव्या कराराने दुसरीच अडचण उभी केली. वेतनवाढ सेवेच्या वर्षांवर न ठेवता शिक्षणाच्या टप्प्यावर ठेवण्यात आली. हा विचार एका परीने तर्कशुद्ध होता. पण पीएच्.डी. करणारा तीन वर्षे त्याच टप्प्यावर थांबतो, आणि त्याचे सोबती पुढे जातात. ज्या माणसास अधिक शिकविले तोच मागे पडतो, हे लक्षात आल्यावर परतणाऱ्या संशोधकास दरसाल ४,००० पौंडांचा विशेष भत्ता करारात घालण्यात आला. हे पुरेसे आहे की नाही ह्याविषयी तेथे मतभेद आहेत. मला महत्त्वाचे वाटते ते हे की संशोधनामुळे होणारा तोटा तेथे करारात आकड्याने लिहिला गेला. पुढेही वेतनावरून मार्च २०२३ पासून दीर्घ संप झाले, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तडजोड झाली तेव्हा एक मौजेची गोष्ट घडली: ‘कनिष्ठ डॉक्टर’ हे कमीपणाचे नाव टाकून ब्रिटनने ‘निवासी डॉक्टर’ हे नाव घेतले. आपल्या रुग्णालयांत ते निदान पन्नास वर्षे चालू होते.

आपल्याकडील तोटा कोणी आकड्यांत लिहीत नाही. म्हणून तो येथे मांडून पाहू. एम्.डी. झालेला डॉक्टर केंद्रीय संस्थेत ज्येष्ठ निवासी झाला तर अकराव्या स्तराचे मूळ वेतन ६७,७०० रुपये, २० टक्के भत्त्यासह ८१,२४०, आणि जानेवारी २०२३ च्या महागाई भत्त्यासह सुमारे १,१५,३०० रुपये, घरभाडे निराळे. तोच डॉक्टर त्याच जानेवारीपासून लागू झालेल्या दरांनी संशोधन-सहयोगी झाला तर ५८,००० रुपये व घरभाडे. पीएच्.डी.ची कनिष्ठ अधिछात्रवृत्ती घेतली तर आरंभी ३७,००० रुपये. म्हणजे संशोधनाची वाट धरणाऱ्याने पहिल्याच महिन्यात निम्मे उत्पन्न किंवा त्याहून अधिक सोडावयाचे, तेही तिशीच्या उंबरठ्यावर, बहुधा घरी आईवडील, लहान मूल आणि शिक्षणाचे कर्ज असताना. खाजगी व्यवसायातील प्राप्तीशी तुलना मुद्दामच केलेली नाही. ती केल्यास चर्चा तेथेच संपेल.

तरीही काही वाटा आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद पदव्युत्तर प्रबंधांस अर्थसाहाय्य देते. त्यासाठी आराखडा वेळेत व नीट लिहिलेला असावा लागतो, आणि पहिल्या सहा महिन्यांचे महत्त्व येथे पुन्हा दिसते. २००८ साली स्थापन झालेल्या इंडिया अलायन्सने डॉक्टरांसाठी स्वतंत्र अधिछात्रवृत्त्या सुरू केल्या. रुग्णसेवा न सोडता संशोधन करता यावे हा त्यांचा हेतू होता. त्या संख्येने थोड्या असल्या तरी वेळ विकत घेण्याचे तत्त्व त्यांनी मान्य केले. आणि द्रव्यावाचूनही काही घडते ह्याचे उदाहरण आपल्याच प्रांतात आहे. डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणातील प्राथमिक आरोग्य केंद्रात विंचूदंशाच्या रुग्णांची टिपणे ठेवण्यास आरंभ केला. त्यांवर आधारलेला त्यांचा निबंध १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि पुढे प्राझोसिनच्या उपयोगाने ह्या दंशाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण पुष्कळ खाली आले. तथापि एका असामान्य माणसाने जे पदरमोड करून साधले ते सर्वांसाठी धोरण म्हणून सांगणे म्हणजे शासनास सवलत देणे होय.

महाराष्ट्रातील शासकीय महाविद्यालयातून पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्यास त्यानंतर एक वर्ष शासनाची सेवा करावी लागते. हे वर्ष ज्येष्ठ निवासी म्हणून एखाद्या महाविद्यालयात मिळाले तर प्रबंधातील अपुऱ्या नोंदी पुऱ्या करणे, सुटलेल्या रुग्णांचा पाठपुरावा करणे आणि लेख लिहून काढणे ह्यांसाठी ते वापरता येण्यासारखे आहे. मार्गदर्शक तोच, नोंदवही तीच आणि वेतन चालू, असा योग ह्या साऱ्या क्रमात एवढ्या एकाच ठिकाणी येतो. आज त्या वर्षाच्या कामाच्या वाटणीत संशोधनाचा एक तासही धरलेला नसतो. सहायक प्राध्यापकपदासाठी एक वर्ष ज्येष्ठ निवासी म्हणून काढलेले असावे अशी अट आहे. त्या वर्षात प्रबंध छापून यावा अशी अट नाही.